८५ किलोंवरून ७९ च्या गटात

कोल्हापूरच्या तालमींमध्ये पैलवानाचे अंग कसे भरावे याचे ज्ञान इतके मुरलेले आहे, की त्यासाठी कोणालाही पुस्तक उघडावे लागत नाही. पहाटेची मेहनत, मागोमाग थंडाई, दुपारची सक्तीची झोप, संध्याकाळची लढत आणि रात्रीचे मटण हा क्रम नव्याने आलेल्या पोराच्याही लवकरच अंगवळणी पडतो. भरलेले अंग उतरवायचे कसे, हा प्रश्न मात्र त्या ज्ञानात कधी आला नाही, कारण पूर्वी तो कोणाला पडतच नव्हता. मी गादीवर, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत, ७९ किलो गटात खेळतो आणि एरवी माझे वजन ८५ च्या आसपास असते. गेल्या हंगामात हा सहा किलोंचा फरक प्रथमच मोजमाप करून, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली भरून काढला. त्याचा हा वृत्तान्त आहे.

आधी खुराकाविषयी लिहिले पाहिजे. आमच्या तालमीत वरच्या गटातील पैलवानाचा रोजचा खुराक साधारणपणे दोन लिटर म्हशीचे दूध, शंभर ग्रॅम बदाम घोटून केलेली थंडाई, शंभर ग्रॅमपर्यंत तूप, सहा-आठ अंडी आणि शिवाय दोन वेळचे भरपेट जेवण असा असतो. यातील दूध सुमारे २१०० कॅलरींचे, तूप ९०० चे आणि बदाम ६०० चे. म्हणजे ताटावर बसण्यापूर्वीच साडेतीन हजारांवर कॅलरी पोटात गेलेल्या असतात आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक निव्वळ स्निग्धांशातून येतात. या तीन जिन्नसांतून प्रथिने मात्र शंभर ग्रॅमच्या आतच मिळतात.

हा खुराक अडाणीपणाचा होता, असे मला अजिबात वाटत नाही. ज्या कुस्तीसाठी तो घडला, त्या कुस्तीला तो साजेसाच होता. मातीतली निकाली कुस्ती पाऊण-पाऊण तास चाले, वजनाचा गट नसे, जोड नजरेने लावली जाई आणि अंगाचा भार हे स्वतःच एक हत्यार होते. मंद गतीने, दीर्घकाळ चालणाऱ्या अशा झटापटीत शरीर चरबीचे इंधन वापरू शकते, आणि हजाराच्या हिशेबात जोर-बैठका मारणाऱ्या, कुस्तीच्या मातीचा हौदा खणणाऱ्या माणसाला पाच-सहा हजार कॅलरी सहज जिरत असत. गादीवरचा खेळ वेगळा आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती आणि दहा गुणांची आघाडी मिळताच कुस्ती संपलेली. या सहा मिनिटांत स्नायू मुख्यतः साठवलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे पिष्टमय अन्नातून आलेल्या साखरेच्या साठ्यावर चालतात आणि जास्तीची चरबी नुसती वाहून न्यावी लागते.

शिवाय वजनकाट्याचा नियमही बदलला आहे. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन दिले जाई, त्यामुळे रात्रभर खाऊन-पिऊन भर काढता येत असे. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार एका गटाची स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही दिवशी सकाळी, लढतीच्या थोडाच वेळ आधी, वजन द्यावे लागते. पॅरिसमध्ये ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅमने जास्त भरली आणि अंतिम लढतीपूर्वीच अपात्र ठरली, तेव्हा आमच्या तालमीत जे बोलणे झाले ते बहुतांशी नशिबाविषयी होते. मला त्यात नशिबापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या त्या वजनाचा भाग मोठा दिसला. पहिल्या दिवशी शरीर पिळून काट्यावर उतरता येते; त्यानंतर लढती करून, त्यासाठी खाऊन-पिऊन, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच करणे हे निराळेच काम आहे.

पिळण्याची आमची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. स्पर्धेच्या आठवड्यात प्लास्टिकचा सूट चढवायचा, त्यावर स्वेटर घालायचा, भर दुपारी रंकाळ्याला फेऱ्या मारायच्या, शेवटचे दोन दिवस पाणी तोडायचे आणि शेवटच्या रात्री तोंडात लिंबाची फोड ठेवून थुंकत बसायचे. यातून पाच-सहा किलो खरोखर उतरतात, परंतु त्यात चरबी नाममात्र असते. उतरते ते पाणी. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी स्नायूंत साठलेले असते, त्यामुळे साठा रिकामा झाला की काटा भराभर खाली येतो आणि पैलवान खूश होतो. रक्तातील द्रवही घटतो, हृदयाला प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकलता येते, ठोके वाढतात आणि दुसऱ्या फेरीत हात उचलत नाहीत. ग्लायकोजेन पुरता भरायला दिवसभराचा अवधी लागतो, आणि आपल्या हाती वजन दिल्यानंतर दोनेक तास असतात.

याचा सर्वांत वाईट शेवट अमेरिकेत पाहायला मिळाला होता. १९९७ च्या अखेरीस तेथील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच पद्धतीने वजन घटवताना मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे प्रत्येक खेळाडूचे किमान वजन हंगामापूर्वी मोजून ठरवण्याची पद्धत आली. महाविद्यालयीन मल्लाला ५ टक्के चरबीच्या खाली जाईल असा गट घेता येत नाही. शालेय मुलांसाठी ही मर्यादा ७ टक्के आणि मुलींसाठी १२ टक्के आहे. आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वजन उतरवण्यास परवानगी नाही, आणि मोजणीच्या दिवशी शरीरात पाणी पुरेसे आहे की नाही हे लघवीच्या तपासणीने आधी पाहिले जाते. आपल्याकडे अशी सक्ती नाही, म्हणून मीच पुण्यातील एका क्रीडावैद्यक केंद्रात जाऊन तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडमना गाठले.

तत्पूर्वी तालमीजवळच्या व्यायामशाळेतल्या, पाय ठेवून उभे राहायच्या यंत्रावर मी चरबी मोजून पाहिली होती. सकाळी पाणी पिऊन गेलो तेव्हा यंत्राने १५ टक्के दाखवले आणि त्याच संध्याकाळी लढत आटोपून घामेजलेल्या अंगाने उभा राहिलो तेव्हा २० टक्के. कारण साधे आहे. हे यंत्र शरीरातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्याला होणाऱ्या अडथळ्यावरून अंदाज बांधते. प्रवाह पाण्यातून सहज वाहतो, आणि घामाने पाणी गेले की यंत्राला तो अडथळा चरबीचा वाटतो. ज्या खेळात माणूस कायम घामात असतो, तेथे त्या आकड्यावर काही ठरवणे धोक्याचे आहे.

पुण्यात चिमट्याने मोजणी झाली. उजव्या बाजूला सात जागा शाईने खुणावल्या गेल्या: छाती, काखेखालची बरगडी, दंडाची मागची बाजू, खवाट्याखाली, बेंबीशेजारी, कमरेच्या हाडावर आणि मांडीच्या पुढच्या बाजूला. मॅडम अंगठा आणि तर्जनी यांमध्ये कातडीची घडी धरून ती स्नायूपासून हलकेच वर उचलत, बोटांपासून एक सेंटिमीटरवर चिमट्याची टोके ठेवत, दोन सेकंद थांबून आकडा वाचत आणि मदतनीस मुलगा तो लिहून घेई. सर्व जागा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून फेरी. पोटाची घडी २८ मिलिमीटर भरली, आणि तेवढे वाचताना त्यांनी माझ्याकडे न पाहण्याचे सौजन्य दाखवले. सातही जागांची बेरीज १३० मिलिमीटर आली. सूत्रानुसार तिचा अर्थ १८ टक्के चरबी असा होतो. या पद्धतीतही तीन-चार टक्क्यांची चूक असू शकते, म्हणून टक्क्यापेक्षा मिलिमीटरची बेरीज कशी उतरते यावरच लक्ष ठेवायचे, असे त्यांनी बजावले.

पुढची आकडेमोड त्यांनी माझ्याकडूनच करून घेतली. ८५ किलोंचे १८ टक्के म्हणजे सुमारे १५ किलो चरबी, आणि उरलेले ७० किलो म्हणजे हाडे, स्नायू, अवयव, पाणी. हे ७० किलो जसेच्या तसे ठेवून ७९ वर यायचे तर चरबी ११ ते १२ टक्के हवी. ते पुरेशा अवधीत सहज साधण्यासारखे आहे. वस्तादांच्या मनात मात्र ७४ चा गट होता, कारण ७९ ऑलिम्पिकमध्ये नाही. तेथे पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ हेच गट असतात. ७४ साठी चरबी साडेपाच टक्क्यांवर आणावी लागली असती, म्हणजे अमेरिकेतील किमान मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर, आणि प्रत्यक्षात तिथवर पोहोचेपर्यंत स्नायूही झिजले असते. मी हे कागदावर मांडून वस्तादांना दाखवले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “हिशेब बरोबर हाय रे, पण हिशेबानं कुस्ती होत न्हाई.” तरीही त्या हंगामापुरते ७९ त्यांनी मान्य केले.

आहाराची मांडणी अशी झाली. माझा रोजचा खर्च साडेतीन हजार कॅलरींच्या आसपास धरून आहार २९०० चा ठेवला, म्हणजे आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो उतरावे. प्रथिने शरीराच्या दर किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १७० ग्रॅम, आणि तीही एकदम न घेता दिवसातून चार-पाच वेळा विभागून. तूट सोसत असताना शरीराने स्नायू मोडून खाऊ नयेत, यासाठी प्रथिने आणि वजनाचा व्यायाम या दोन्हींची एकत्र गरज असते. एक सोडून दुसरे केले तर उपयोग अर्धवट. भात आणि जोंधळ्याची भाकरी बंद झाली नाही, हे ऐकून आईला धीर आला. ती केवळ सरावाच्या आगेमागे सरकली. दूध साय काढलेले आणि निम्मे, बदाम वीस, तूप दोन चमचे. अंडी तशीच राहिली, मटणाऐवजी बहुतेक दिवस कोंबडी आली आणि मटकी, हरभरा, मूग यांच्या उसळी वाढल्या.

तांबडा-पांढरा रस्सा सोडायला मी तयार नव्हतो आणि मॅडमनीही तो आग्रह धरला नाही. घरी आईने तोडगा काढला. पायाचे सूप आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळपर्यंत वर पांढऱ्या चरबीचा बोटभर जाड थर धरतो, तो उलथन्याने अख्खा उचलून काढायचा आणि खालचे सूप गरम करून द्यायचे. रश्शावरचा कट ती माझ्या वाटीत येऊ देत नसे. तो थर एकदा तिने काट्यावर ठेवला तेव्हा १२० ग्रॅम भरला, म्हणजे हजारभर कॅलरी. त्यानंतर घरातल्या कोणालाच वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

सुरुवातीला वजन झपाट्याने उतरले, कारण त्यात पाणीही होते. नंतरचा काळ कठीण गेला. रात्री भुकेने जाग येई, लढतीत कोणी मान जोरात दाबली तरी राग येई, आणि मधे एक आठवडा असा गेला की सगळे नीट पाळूनही काटा हलला नाही. कष्टाचा व्यायाम वाढला की स्नायू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे असे होते, हे मला सांगितलेले होते. तरी काट्यावर रोज तोच आकडा पाहणे सोसत नाही. त्या आठवड्यातही चिमट्याची बेरीज मात्र चार मिलिमीटरने उतरली होती. छाती आणि दंड आधी सुकले, पोट सर्वांत शेवटी. पोटाचा व्यायाम वाढवल्याने पोटावरचीच चरबी जात नाही. ती कोठून आधी जायची हे ज्याच्या त्याच्या शरीराचे ठरलेले असते.

खरी अडचण गावात आली. जत्रांच्या फडात वजनकाटा नसतो. पंच आणि जाणते लोक दोघांना शेजारी उभे करून, अंग पाहून जोड लावतात आणि इनामाचा आकडाही त्या अंगावरच ठरतो. मी पाच किलोंनी उतरून गेलो तेव्हा माझ्या जोडीला लहान गडी दिला गेला आणि इनामही त्याच मापाने कमी झाले. “वाळलाय की रं, आजारी होतास काय?” हे तर दर चार पावलांवर ऐकावे लागले. ज्या घराचा खुराक दूध विकून नव्हे तर दूध राखून चालतो, त्या घराला जत्रेचे इनाम ही हक्काची मिळकत असते. गादीसाठी शरीर घडवा असे सांगणाऱ्यांनी हा तोटा कोण भरणार याचाही विचार करायला हवा. माझ्या पाहण्यात तो कोणी करत नाही.

दमसासाच्या तयारीतही बदल झाला. जोर-बैठका चालू राहिल्या, कारण खांदे आणि मांड्या यांच्यासाठी त्यांच्याइतके स्वस्त आणि चांगले साधन नाही. मात्र रंकाळ्याभोवतीच्या लांब, संथ धावा कमी करून त्यांच्या जागी आठवड्यातून दोन दिवस कुस्तीच्याच वेळेचा सराव आला: तीन मिनिटे, तीस सेकंद विश्रांती, पुन्हा तीन मिनिटे, आणि दर मिनिटाला समोर ताज्या दमाचा नवा जोडीदार. दुहेरी पट काढून, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून, उचलायचे, खाली ठेवायचे, लगेच दुसरा अंगावर आलेला. सुरुवातीला फेरी संपताना नाडी १९० च्या घरात जाई आणि मिनिटभरात जेमतेम पंचवीसने उतरे. हंगामाच्या शेवटी तेवढ्याच मिनिटात ती चाळीसच्या वर उतरू लागली. मला टक्क्यांच्या आकड्यापेक्षा हा आकडा अधिक मोलाचा वाटतो, कारण कुस्तीत त्याचाच उपयोग होतो. खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकीतले माझे वजन या सगळ्या काळात कमी झाले नाही, आणि दोरावर चढणे तर पूर्वीपेक्षा सोपे झाले.

आमच्या तालमीत आता मुलीही सराव करतात, आणि त्यांच्याबाबत हे काम अधिक जपून करावे लागते. स्त्रीच्या शरीराला मुळात अधिक चरबी आवश्यक असते. व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे ३० कॅलरींहून कमी उरू लागल्या की संप्रेरकांचा तोल बिघडतो, पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुषांतही आढळते हे स्पष्ट केले. तालमीत वजन रोज विचारले जाते; पाळीविषयी मुलींना विचारायला कोणी नसते. एखादी जाणकार स्त्री त्या कामी नेमणे फार खर्चाचे नाही.

शेवटच्या मोजणीत माझे वजन ८०.१ किलो, सात जागांची बेरीज ९० मिलिमीटर आणि चरबी साडेबारा टक्क्यांच्या आत होती. म्हणजे चरबीविरहित वजन ७० किलोंवर कायम राहिले आणि उतरली ती जवळजवळ सगळी चरबीच. उरलेल्या किलोभरासाठी प्लास्टिकचा सूट लागला नाही. दोन दिवस उसळी, काकडी आणि कोंड्याचे पदार्थ बंद करून भात, अंडी, दही असा चोथा न ठेवणारा आहार घेतला, मीठ कमी केले आणि आदल्या संध्याकाळनंतर पाणी घोट-घोट ठेवले. आतडी रिकामी झाल्यानेच बराच भार कमी होतो. सकाळी काट्यावर ७८.८ भरलो. वजन देताच मीठ-साखर घातलेले लिंबूसरबत, केळी आणि मऊ दहीभात, सावकाश, दोन तासांत विभागून. पहिल्या लढतीला उतरताना वजन पुन्हा ८० च्या वर होते आणि हातापायांत गोळे आले नाहीत. पहिल्या दोन कुस्त्या जिंकल्या. तिसरीत एकेरी पटाचा बचाव वेळेवर जमला नाही आणि गुणांवर हरलो. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या मिनिटाला समोरचा हात गुडघ्यावर ठेवत होता आणि मी ठेवत नव्हतो, एवढे वस्तादांनी कोपऱ्यातून पाहिले होते.

घरी परतल्यावर खुराकावर तुटून पडायचे नाही, हे आधीच ठरले होते. दर आठवड्याला आहारात दोनेकशे कॅलरी वाढवत मी ८२-८३ वर स्थिरावलो आणि जत्रांचा हंगाम त्याच वजनावर करतो आहे. ७४ चा विषय वस्तादांनी पुन्हा काढला होता. त्यावर आमच्यात जो तोडगा निघाला तो उलट दिशेचा आहे. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला ५२ किलोंच्या गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते ५७ किलोंच्या गटात, वर सरकून. मला ऑलिम्पिकचा गट हवा असेल तर तो ८६ चा, आणि त्यासाठी चरबीविरहित वजन ७० वरून निदान ७६ वर न्यावे लागेल. हे काम दोन-तीन वर्षांचे आहे. दुधाचे प्रमाण पुन्हा वाढले आहे, तुपाचे नाही. वजनाच्या बैठका आठवड्यातून तीनदा आहेत. आणि पुढची मोजणी जत्रा संपल्यावर, वैशाखात ठरली आहे.